दोन आकड्यांची काटकसर

१९९२ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या विनोना इथे एका बाईंना बालवाडीत दाखल होण्याचं निमंत्रण आलं. बाईंचं वय होतं १०४, जन्म १८८८ चा. संगणकाच्या नोंदीत जन्मवर्षाचे शेवटचे दोनच आकडे होते, ८८. त्याचा अर्थ १९८८ असा लागला आणि आजीबाई चार वर्षांच्या मुलांच्या यादीत जाऊन बसल्या. या घटनेला बत्तीस वर्षं उलटल्यावर, २०२४ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने प्रवास करणाऱ्या १०१ वर्षांच्या एका बाईंची नोंद विमान कंपनीच्या यंत्रणेने एक वर्षाचं बाळ अशी केली. १९२२ हे जन्मवर्ष तिच्या पचनी पडलं नाही, तिने २०२२ धरलं. विमानातले कर्मचारी तान्ह्या बाळाची वाट पाहत राहिले आणि समोर आल्या शंभरी पार केलेल्या आजी.

दोन्ही आजींनी हा प्रकार हसून सोडून दिला. पण मधल्या बत्तीस वर्षांत याच चुकीच्या दुरुस्तीवर जगाने अब्जावधी डॉलर खर्च केले होते. तरीही ती उरली, याचं कारण संगणकात तारीख कशी ठेवली जाते यात आहे.

संगणकाला तारीख कळत नाही. त्याला फक्त संख्या कळते. ती संख्या किती लांबीच्या रकान्यात बसवायची, कुठून मोजायची आणि तिचा अर्थ काय लावायचा, हे कुणीतरी माणूस ठरवतो, आणि तेही बहुधा घाईत, समोरच्या कामापुरतं. १९५०-६० च्या दशकांत नोंदी पंच कार्डांवर होत. एका कार्डावर ८० रकाने, त्यांतच नाव, पत्ता, रक्कम, तारीख सगळं बसवायचं. मेमरी महाग होती. वर्षाच्या चार आकड्यांपैकी ‘१९’ हे दोन सगळीकडे सारखेच येणार, मग ते गाळले तर काय बिघडलं? त्या वेळी काहीच बिघडत नव्हतं, उलट वाचलेल्या जागेचे खरे पैसे होत होते. बॉब बेमर या संगणकतज्ज्ञाने १९७१ पासून याविरुद्ध लिहायला सुरुवात केली, पण २००० साल तेव्हा फार लांब होतं. आपला प्रोग्रॅम तोवर कोण वापरतंय, असं लिहिणाऱ्याला वाटायचं. प्रत्यक्षात बँकांचे, विमा कंपन्यांचे, सरकारी खात्यांचे कोबोल भाषेतले प्रोग्रॅम लिहिणारे निवृत्त झाले, प्रोग्रॅम मात्र कामावर राहिले.

पुढचा वाय-टू-केचा, म्हणजे २००० सालच्या या संगणकी घोळाचा, गाजावाजा चाळिशीपुढच्या मराठी वाचकांना आठवत असेल. विमानं कोसळतील, बँका बंद पडतील असं ऐकत १९९९ ची ३१ डिसेंबर उजाडली, १ जानेवारी सुरळीत गेली, आणि लगेच म्हणणारे म्हणू लागले की ही सगळी हूलच होती. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. काही झालं नाही, कारण त्याआधीची काही वर्षं लाखो माणसं जुन्या प्रोग्रॅमांची ओळ न् ओळ तपासत बसली होती. जगभरातल्या खर्चाचा तेव्हाचा अंदाज ३०० अब्ज डॉलरच्या घरातला होता. या कामातला मोठा वाटा भारतीयांचा. टीसीएसने चेन्नईत खास या दुरुस्तीसाठी कारखान्यासारखं केंद्र उभारलं. मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात कोबोल शिकलेल्या मुलामुलींना हातोहात काम मिळत होतं. अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या परदेशवारीची सुरुवात याच कामाने झाली. काम कंटाळवाणं होतं आणि त्याचं श्रेय कुणाला फारसं मिळालं नाही, कारण ते नीट झालं.

जिथे नीट झालं नाही, तिथले काही प्रकार किरकोळ होते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका व्हिडिओच्या दुकानाने एका गिऱ्हाइकाला ९१,२५० डॉलरचा दंड दाखवला, कारण संगणकाच्या मते कॅसेट शंभर वर्षं उशिरा परत आली होती. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या संकेतस्थळावर, म्हणजे देशाची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या संस्थेच्या पानावर, साल झळकलं १९१००. हे १९१०० त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी दिसलं. काही संगणकभाषांत वर्ष विचारलं की १९०० पासून किती वर्षं झाली तो आकडा मिळतो. १९९९ मध्ये तो ९९ होता. लिहिणाऱ्याने त्याच्या अलीकडे ‘१९’ चिकटवून काम भागवलं होतं. २००० उजाडलं, आकडा झाला १००, आणि अलीकडचं ‘१९’ होतं तिथेच राहिलं.

शेफिल्डमध्ये जे झालं त्याला मात्र किरकोळ म्हणता येणार नाही. इंग्लंडमधल्या या शहरातल्या प्रयोगशाळेत आसपासच्या रुग्णालयांतून गरोदर महिलांचे रक्ताचे नमुने येत. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याचा धोका किती, याचं गणित तिथला संगणक करायचा. या गणितात आईच्या वयाला मोठं वजन असतं, कारण वय वाढतं तसा धोका वाढतो. जानेवारी २००० पासून या संगणकाने वयंच चुकीची काढायला सुरुवात केली. पडद्यावर कुठला इशारा आला नाही, यंत्र बंद पडलं नाही, अहवाल नेहमीसारखे छापून निघत राहिले. २४ मे रोजी चूक सापडली, तोवर १५४ महिलांना चुकीचा अंदाज कळवला गेला होता. ‘धोका कमी आहे’ असं सांगितलेल्यांपैकी चार गर्भारपणांत डाऊन सिंड्रोम निघाला. पुढच्या तपासण्या करायच्या की नाही हे ज्या आठवड्यांत ठरवायचं असतं, ते आठवडे या महिलांच्या हातून निघून गेले होते. नववर्षाच्या रात्री सगळं जग ज्या घड्याळाकडे डोळे लावून बसलं होतं, त्यावर या चुकीची कुठलीच खूण दिसली नाही. तारखेच्या चुकांचं खरं भय हे आहे. बंद पडलेलं यंत्र लगेच लक्षात येतं. चुकीचं वय शांतपणे छापणारं यंत्र महिनोन्महिने कुणाला सापडत नाही.

वाय-टू-केची दुरुस्ती करतानाही बऱ्याच ठिकाणी काटकसर झाली. सगळीकडे चार आकडी वर्ष भरण्याऐवजी एक मधली रेघ ठरवली गेली. रेघेच्या अलीकडचं वर्ष दिसलं तर २००० चं शतक, पलीकडचं दिसलं तर १९०० चं. वेळ निभावली, पण रेघ प्रत्येकाने आपापल्या सोयीने ओढली. एक्सेलच्या कित्येक आवृत्त्यांत ती २९ वर आहे. मुदत ठेवीची परतफेडीची तारीख कुणी ‘१५/६/२९’ अशी टाइप केली तर २०२९ मिळतं, पण ‘१५/६/३०’ टाइप केली की १९३०. पडद्यावर पुन्हा ‘३०’ च दिसत असेल तर वरवर काहीच कळत नाही, फक्त व्याजाचं गणित वेडंवाकडं येतं. पायथन भाषेत हीच रेघ ६८ वर आहे. १९६५ साली जन्मलेल्या माणसाचं वर्ष ‘६५’ असं तिच्या हाती दिलं, तर ती त्याचा जन्म २०६५ मध्ये लावते. हिशेबनीस एका प्रणालीतली यादी दुसऱ्या प्रणालीत नेतो तेव्हा या दोन रेघांच्या मधली माणसं अलगद एक शतक इकडेतिकडे होतात.

तारीख ठेवण्याची दुसरी पद्धत म्हणजे एक आरंभबिंदू धरून तिथून मोजत राहायचं. युनिक्स प्रणालीचा आरंभबिंदू १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र. तिथपासूनचे सेकंद मोजायचे. आजचे बहुतेक मोबाईल आणि सर्व्हर हेच करतात. म्हणून फोनमधल्या एखाद्या फोटोची किंवा फाइलची तारीख हरवली की तिथे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच, असं दिसतं. साडेपाच, कारण भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या फोनवर तीच फाइल ३१ डिसेंबर १९६९ ची असते. ही तारीख नसून नुसतं शून्य आहे. २०१६ मध्ये असं लक्षात आलं की आयफोनची तारीख हाताने १ जानेवारी १९७० वर नेऊन तो बंद करून चालू केला तर पुन्हा उठतच नाही. ॲपलला त्यासाठी प्रणालीची नवी आवृत्ती काढावी लागली.

एक्सेल दिवस मोजतं, १ जानेवारी १९०० पासून. त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही मोजला जातो, जो कधी उगवलाच नाही. ग्रेगरियन पंचांगात शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष धरत नाहीत, म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक होती. त्याच्या फाइली आपल्याकडे जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली. आता ती दुरुस्त केली तर जगभरच्या फाइलींमधल्या तारखा एका दिवसाने सरकतील, म्हणून हातच लावत नाहीत.

एक्सेलचा आणखी एक स्वभाव शास्त्रज्ञांना नडला. दिसेल त्यात तारीख शोधायची त्याला सवय आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशी होती. रकान्यात ती टाइप केली की एक्सेल त्यांची २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकायचं. २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे घोळ सापडले. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली.

लीप वर्ष हा तर चुकांचा हमखास मुहूर्त. न्यूझीलंडच्या तिवाई पॉइंट इथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात १९९६ च्या ३१ डिसेंबरला मध्यरात्री वितळवण्याच्या प्रक्रियेवर ताबा ठेवणारे संगणक एकदम थांबले. तो वर्षाचा ३६६ वा दिवस होता आणि प्रोग्रॅमला वर्ष ३६५ दिवसांचंच माहीत होतं. दोन तासांनी, तिकडे मध्यरात्र झाल्यावर, टास्मानियातल्या बेल बे इथल्या कारखान्यात तेच घडलं, कारण प्रोग्रॅम तोच होता. नियंत्रण सुटल्याने तापमान भलतं वाढून नुकसान झालं ते सुमारे दहा लाख न्यूझीलंड डॉलरचं. ही चूक एवढी साधी आहे की पुन्हा कुणी करणार नाही असं वाटेल. बारा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने केली.

झून नावाचं त्यांचं गाणी ऐकायचं यंत्र होतं. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याची ३० जीबीची सगळी यंत्रं गोठली. आतलं गणित असं चालायचं: दिवसांची संख्या ३६५ हून जास्त असेल तोवर फेरी सुरू ठेवा. वर्ष साधं असेल तर ३६५ वजा करा आणि पुढच्या वर्षात जा. वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ हून जास्त असतील तर ३६६ वजा करा आणि पुढे जा. आता दिवस बरोबर ३६६ असले तर? ३६५ हून जास्त आहेत, म्हणून फेरी थांबत नाही. वर्ष लीप आहे, पण दिवस ३६६ हून जास्त नाहीत, म्हणून वजाही काही होत नाही. यंत्र त्याच प्रश्नाशी गोल गोल फिरत राहतं. दर चार वर्षांत एकाच दिवशी ही वेळ येणार, आणि नेमका तोच दिवस कुणी तपासून पाहिला नव्हता. मालकांना सांगण्यात आलं, बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि उद्या दुपारी पुन्हा चालू करा.

२९ फेब्रुवारी २०१२ ला त्याच कंपनीची अझुर ही सर्व्हरसेवा कोलमडली. तिथे एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र तयार होताना आजच्या तारखेतल्या वर्षात फक्त एक मिळवला जात होता. निघाली २९ फेब्रुवारी २०१३, अशी तारीखच नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमध्ये कार्डावर चालणारे पेट्रोल पंप दहा तासांहून जास्त वेळ बंद राहिले. कारण तेच.

काही मर्यादा लीप वर्षाच्याही नसतात, नुसत्या आकडेमोडीच्या असतात. १ जानेवारी २०१० ला जर्मनीत सुमारे तीन कोटी बँक कार्डं अडली. कार्डावरच्या चिपने वर्षाचा ‘१०’ दशमान पद्धतीऐवजी सोळाच्या पटीतल्या पद्धतीने वाचला, म्हणजे १६. कार्डाच्या मते २०१६ उजाडलं होतं आणि आपली मुदत संपली होती. ०९ पर्यंत दोन्ही पद्धतींत आकडे सारखेच लिहिले जातात, म्हणून तोवर चूक झाकली गेली. नववर्षाच्या सुट्टीवर गेलेली माणसं एटीएमसमोर रिकाम्या हाताने उभी राहिली.

महाराष्ट्रात हाच प्रश्न फार घरगुती रूपात भेटतो. पन्नाशी-साठीपुढच्या असंख्य मराठी माणसांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो. जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आणलं की गुरुजी अंदाजाने वर्ष लिहीत आणि शाळा सुरू होण्याचा महिना म्हणून १ जून टाकून देत. रकाना भरायचा तर काहीतरी लिहायलाच हवं, आणि त्या काळी त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. पण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून राज्यात दरवर्षी ३१ मे रोजी एकाच दिवशी शिक्षक, लिपिक, तलाठी अशा कितीतरी जणांचे निरोपसमारंभ होतात आणि कचेऱ्यांतल्या खुर्च्या एकदम रिकाम्या होतात.

कागदावर ही सोय खपून गेली. संगणक आल्यावर तिचा जाच सुरू झाला. सुरुवातीच्या बऱ्याच आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष होतं, तर बँकेच्या किंवा पेन्शनच्या अर्जातला तारखेचा रकाना दिवस-महिन्याशिवाय पुढे सरकत नाही. मग एका ठिकाणी १ जानेवारी पडते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असते, आई सांगते ती पोळ्याची अमावास्या तिसरीच. समोरच्या कारकुनाला हे तीनही दिवस एकाच माणसाचे आहेत हे दिसत असतं, आणि पूर्वीचा कारकून ते मान्य करून सही ठोकायचा. आता यंत्र दोन नोंदी जुळवून पाहतं आणि ‘जुळत नाही’ म्हणतं. त्यापुढे म्हाताऱ्या माणसाने प्रतिज्ञापत्र करायचं, पुन्हा तालुक्याला जायचं. तारखेच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं उत्तर लिहायला जागा ठेवली असती, तर यातले निम्मे हेलपाटे वाचले असते. ती जागा न ठेवणं हा कुणाचा तरी निर्णय होता आणि तो आजही बदलता येतो.

कचेऱ्यांतला दुसरा रोजचा घोळ दिवस-महिन्याच्या क्रमाचा. ‘०५/०६/२०२४’ म्हणजे आपल्याकडे ५ जून. अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक ती ६ मे वाचतो. त्याच यादीतली ‘१८/०६/२०२४’ त्याला तारीख वाटतच नाही, कारण अठरावा महिना नसतो, म्हणून ती तो नुसती अक्षरं समजून सोडून देतो. परिणामी एकाच रकान्यात बारा तारखेपर्यंतच्या नोंदी बदललेल्या आणि पुढच्या जशाच्या तशा. यादी तारखेप्रमाणे लावली की हप्ते, हजेरी, लसीकरण सगळं विस्कटतं, आणि मूळ कागद हाताशी नसेल तर ते पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य होतं.

पुढची मोठी तारीख ठरलेली आहे. १९७० पासूनचे सेकंद मोजणारा जुना रकाना ३२ बिटांचा. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४७,४८३,६४७. हे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी पुरे होतील. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर येतो तसंच काहीसं होणार, फक्त हा रकाना शून्यावर न येता उणे टोकाला जातो आणि तारीख दाखवतो डिसेंबर १९०१ ची.

याची चुणूक आधीच मिळाली आहे. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर या सॉफ्टवेअरवर चालणारे काही सर्व्हर अचानक ढासळले. एखादी क्रिया कधीच सोडून देऊ नये यासाठी कुणीतरी तिची मुदत एक अब्ज सेकंद ठेवली होती. २००६ मध्ये एक अब्ज सेकंद मिळवले की २०३८ ची ती वेळ ओलांडली जाते. पुढच्या तारखांशी व्यवहार करणाऱ्यांना २०३८ असं आधीच भेटतं. २०१८ साली वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या माणसाचे शेवटचे हप्ते तिथवर पोचतात, आणि त्याच वर्षी मुलीच्या नावाने उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्याची एकवीस वर्षं २०३९ मध्ये भरतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेलसेवेने तर २०२२ च्या १ जानेवारीलाच ३२ बिटांच्या रकान्याची हीच कमाल संख्या ओलांडली. तिच्या विषाणूतपासणीच्या भागात तारीख ‘२२०१०१०००१’ अशी एका सलग आकड्यात साठवली जात होती. २०२१ च्या शेवटच्या दिवसापर्यंतचा आकडा रकान्यात मावला, २२ ने सुरू होणारा मावला नाही. जगभरच्या कंपन्यांचे ईमेल रांगेत अडकले.

दुरुस्ती सुरू आहे. ६४ बिटांच्या रकान्यात अब्जावधी वर्षांचे सेकंद बसतात, आणि आजचे फोन, लॅपटॉप, मोठे सर्व्हर बहुतेक त्यावर गेलेत. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी २०३८ नंतरच्या तारखांची सोय २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत आली. खरी चिंता भिंतीत, खांबावर, यंत्राच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकांची आहे: लिफ्टचे, पाणीपुरवठ्याच्या पंपांचे, रुग्णालयातल्या उपकरणांचे. वाय-टू-केच्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याला निदान प्रोग्रॅमच्या ओळी समोर दिसत होत्या. या यंत्रांच्या बाबतीत कित्येकदा बनवणारी कंपनी बंद झालेली असते आणि आतला प्रोग्रॅम बदलण्याची सोयच नसते. लिफ्ट किंवा रुग्णालयातलं महागडं यंत्र पंधरा-वीस वर्षं सहज चालतं, त्यामुळे आज बसवलेलं त्या मंगळवारी सकाळी कामावर असेल. नगरपालिकेने, रुग्णालयाने, सोसायटीनेसुद्धा खरेदीच्या करारात २०३८ नंतरच्या तारखा यंत्र हाताळतं की नाही हे आत्ताच लेखी मागावं, आणि यंत्र बसवताना त्याचं घड्याळ पुढे नेऊन तसं करून दाखवायला सांगावं. त्याला दहा मिनिटं पुरतात.